टोपी बाजारातला वीस मिनिटांचा उजेड

परवा सकाळी किल्ला गेला. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर समोर नुसतं पांढरं. किल्ला नाही, पाण्याची टाकी नाही, शेजारच्यांच्या गच्चीवरची तुळससुद्धा नाही. खालून आई ओरडली, "नीलू, कोहरा पडून राहिलाय ना? मग कपडे कशाला टाकतेस वर? चार दिवस सुकायचे नाहीत." आमच्या ग्वाल्हेरच्या घरात धुकं कधी पडलंच नाही. धुकं शाळेच्या पुस्तकात असायचं, दारात पडायचा तो कोहरा. मी बादली हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि जुन्या खोडीनं अंदाज बांधला: सूर्य आत्ता कुठे असेल, कोहरा कधी पातळ होईल, आणि पातळ झाल्यावर उजेड किती वेळ टिकेल. नऊ चाळीस ते दहा, मी मनाशी म्हटलं. मग स्वतःचाच राग आला. उजेडाचे अंदाज बांधता बांधता जिनं एवढी माती खाल्ली, तिनं निदान बादली तरी खाली ठेवावी.

माझं नाव तुम्ही ऐकलं नसणार. त्यात तुमची चूक नाही. सिनेमा संपून पडद्यावर नावं सरकायला लागतात तेव्हा लोक खुर्चीखाली चपला शोधत असतात. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमांचा कॅमेरा केला, आणि मग एक सिनेमा स्वतः दिग्दर्शित केला. एकच. त्यानंतर कॅमेऱ्याची कामं यायची थांबली. पूर्वी ऊठसूट फोन करणारे लोक म्हणायला लागले, "अहो, आता तुम्ही डायरेक्टर. तुम्हाला कॅमेऱ्यावर कसं उभं करायचं?" आणि दुसऱ्या सिनेमाचं बोलायला गेलं की तेच लोक म्हणत, "तुमचा कॅमेरा मात्र काय होता हो!" म्हणजे मी इकडचीही राहिले नाही आणि तिकडचीही झाले नाही. सध्या जयेंद्रगंजात आईजवळ असते आणि इथल्या एका गजकवाल्याच्या, म्हणजे तिळाच्या कुरकुरीत वड्या विकणाऱ्याच्या, दुकानाची जाहिरात शूट करते. गजक फार गुणी नटी आहे. सांगितल्याशिवाय हलत नाही.

कोहऱ्याचं वेड मला कधी लागलं ते नेमकं आठवतं. दहावीच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवा होता. बाबांनी सायकलवर मागे बसवून मला दौलतगंजातल्या एका फोटो स्टुडिओत नेलं. समोरचा रस्ता दहा हातांपलीकडे दिसत नव्हता, बाबा सारखी घंटी वाजवत होते आणि दोघांच्याही तोंडून वाफा निघत होत्या. स्टुडिओवाले काका मराठीच. त्यांचं सगळं बोलणं चार वाक्यांत आटपायचं. हनुवटी वर. खांदे सैल. इकडे बघा. हलू नका. त्यातलं शेवटचं ते अशा काही हुकमानं म्हणत की फोटो काढायला आलेला फौजदारसुद्धा श्वास रोखून बसे. त्या दिवशी वीज नव्हती. काकांनी दुकानाचं दार सताड उघडलं, मला दाराशी स्टुलावर बसवलं, आणि रस्त्यावरचा तो पांढरा उजेड माझ्या तोंडावर घेतला. वीज आल्यावर फोटो धुऊन हातात आला तेव्हा पहिल्यांदाच मला माझा चेहरा बरा वाटला. मुरुमं होती, पण ती कुठे तरी विरघळली होती. मी काकांना विचारलं, हे कसं झालं? काका म्हणाले, "उजेड चांगला होता." झालं. त्या एका वाक्यावर माझं आयुष्य गेलं.

मी तिथून निघायलाच तयार नव्हते. आतल्या खोलीत काका दुसऱ्यांचे फोटो धूत होते, ते मी पाहत राहिले. बाबा बाहेर बाकावर बसून होते. त्यांची कचेरी होती, उशिरा गेलं की साहेबांचं ऐकून घ्यावं लागे, तरी बसले. नंतर दर रविवारी बसत राहिले. मी आत, ते बाहेर. वर्तमानपत्र वाचून संपलं की रस्त्यावरची माणसं वाचत.

माणसं वाचायचं त्यांना कारण होतं. बाबा नट होते. म्हणजे कचेरीत कारकून होते, पण गणपती आले की नट असत. आमच्या इथल्या मराठी मंडळींची गणपतीतली नाटकं दोन महिने आधीपासून घराघरांत धुमसायला लागत. नायक ठरलेला असे, नायिका ठरलेली असे, आणि बाबांच्या वाट्याला उरलेलं येई. पत्र आणणारा गडी. दुसऱ्या अंकातला डॉक्टर. 'साहेब, गाडी आली' म्हणणारा ड्रायव्हर. चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. डॉक्टर असला तर ते आठवडाभर ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसत आणि ते नाडी बघताना कुठे बघतात ते पाहून येत. आई म्हणे, "दोन वाक्यांसाठी एवढं? लोकांना तुमचं तोंड तरी दिसतं का तिथून?"

आई त्यांना सोडत नसे. बाबा पाहुण्यांना सांगत, आमचे पूर्वज दक्षिणेतून इथं घोड्यावर बसून आले. आई चहा ठेवता ठेवता म्हणे, "घोड्यावर नाही, घोड्याच्या मागून. सरदार खासगीवाल्यांची दप्तरं उचलायला." बाबा हसत. पण तोंड न दिसण्याचं ते जे आई बोलली होती, ते त्यांना लागलं होतं. मला एकदा म्हणाले, "तिचं खरं आहे गं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेता येतो, चेहरा नाही नेता येत. तुझ्या कॅमेऱ्यात म्हणे पापणी लवली तरी दिसते." मी तेव्हा पुण्याला शिकायला निघाले होते. ट्रंक भरत होते. मी हो म्हटलं आणि स्वेटर कोंबत राहिले.

मुलीनं कॅमेरा शिकायचा म्हटल्यावर घराण्यात जे व्हायचं ते झालं. नात्यातले एक काका बाबांना समजवायला आले. मुलीनं सिनेमात कॅमेऱ्यापुढं जाणंच वाईट, ही तर मागं जाणार, तिथं सगळे पुरुष, वजनं उचलणार, वगैरे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पुढं गेली असती तर पास मागायला तुम्हीच आला असतात." काका चहा न घेता गेले. पुढे कित्येक दिवस बाबा तो प्रवेश करून दाखवत. काकांची मान कशी वळली, छत्री कशी उचलली, चप्पल कशी उलटी सापडली. त्यात त्यांची मुख्य भूमिका होती.

मुंबईची वर्षं मी फार सांगणार नाही. आधी तीन वर्षं नुसत्या लेन्सा पुसल्या. मग फोकस धरला. कॅमेऱ्याजवळ उभी असले तरी नवे लोक येऊन मलाच विचारत, "कॅमेरामन कुठे आहेत?" मी म्हणे, येतीलच. मग शॉट लावून दाखवी. हळूहळू नाव झालं. नाव कशाचं, तर मी उजेडासाठी थांबते याचं. सगळं युनिट तयार, नट मेकअप करून बसलेला, आणि मी आकाशाकडे बघत मीटर हातात धरून उभी. मीटर म्हणजे उजेड मोजायचं तळहाताएवढं यंत्र. नटाच्या गालाशी धरायचं, बटण दाबायचं, आकडा बघायचा. वीस वर्षं मी जितके गाल पाहिले तितके कुणी नर्सनं पाहिले नसतील. पण गालच.

दिग्दर्शकांचा मला मनातून राग यायचा. आज सांगायला हरकत नाही. ते नटाकडे बघून रडत, "वा वा, हाच टेक" म्हणत, आणि मला दिसत असे की नाकाची सावली ओठांवर पडली आहे. मी सांगितलं की म्हणत, "असू दे गं, मोमेंट मिळाली." मला चीड येई. ही मोमेंट म्हणजे काय भानगड आहे, जी मला कधी दिसत नाही? आपला सिनेमा करीन तेव्हा एकही शॉट असा जाऊ देणार नाही, असं मी ठरवून ठेवलं होतं.

केला सिनेमा. गोष्ट टोपी बाजारातल्या एका पगडी बांधणाऱ्याची. मुख्य नट मुंबईचा, बऱ्यापैकी नावाचा. जागा आमचीच, भाषा आमचीच, हिंदीत पाय अडकलेली ग्वाल्हेरची मराठी. आणि मोसम कोहऱ्याचा, कारण मी तो दहावीपासून राखून ठेवला होता. निर्माते म्हणाले, कॅमेरा कोण करणार? मी म्हटलं, मीच. ते खूश झाले. एका माणसानं सावध केलं, आमचा साउंड रेकॉर्डिस्ट सलीम. भोपाळचा, अबोल, माझ्यासोबत अनेक कामं केलेला. म्हणाला, "मॅडम, दोन खुर्च्यांवर एकदम बसाल तर एक तरी सरकेल." मी हसले.

बाबांना एक सीन दिला. एक म्हातारा दुकानात येतो. मुलाच्या लग्नासाठी नेलेली पगडी परत करतो. लग्न मोडलंय. दुकानदाराला वाटतं, माप चुकलं. म्हातारा म्हणतो, "नाही हो, माप नाही चुकलं. माप बरोबर होतं तुमचं." पगडी काउंटरवर ठेवतो आणि जातो. बस. एवढाच. पण चेहऱ्यावरचा सीन होता, अगदी जवळचा. मी लिहितानाच बाबांसाठी लिहिला होता, हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं असावं. कागद हातात घेऊन बराच वेळ वाचला. तीन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

मग महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात रोज लग्न मोडत होतं. आई मटार सोलत बसलेली आणि बाबा दारातून येताहेत, हातात पगडीच्या जागी पोळ्यांचा डबा. "माप नाही चुकलं." आई म्हणे, "डबा ठेवा खाली, पोळ्या गार होऊन राहिल्यात." बाबा पुन्हा बाहेर जात, पुन्हा येत. मी एका डोळ्यानं बघत असे. दुसऱ्या डोळ्यानं हवामानाचा अंदाज. कधी कधी दोन्ही डोळ्यांनी हवामानाचा.

टोपी बाजारातलं ते दुकान अरुंद होतं. पूर्वेकडे गल्लीचं तोंड. कोहरा पातळ व्हायला लागला की गल्लीतून उजेड असा आत येई की काउंटरवरची धूळसुद्धा मोलाची वाटे. तो टिकायचा वीस मिनिटं. त्याआधी सगळं करडं, त्यानंतर साधं ऊन, जे कुठेही मिळतं. मी आधीच्या हिवाळ्यात तीनदा येऊन तो उजेड पाहून गेले होते. सगळा सिनेमा मला त्या वीस मिनिटांसाठी करायचा होता, असं आता वाटतं.

त्या सकाळी आम्ही सातलाच पोचलो. थंडी अशी की हातमोजे काढले तर फोकसची रिंग बोटांना चिकटे. गल्लीच्या टोकाला शेकोटी, बेडईच्या पुऱ्या तळणाऱ्याची कढई चढलेली, माणसं गोधड्या पांघरून बघायला जमलेली. आपल्या प्रवेशाच्या दोन तास आधी बाबा तयार होते. आईनं धुऊन दिलेलं धोतर, जुना काळा कोट, हातात पगडी. सलीमनं त्यांच्या कोटाच्या आत छोटा माईक लावला. बाबांनी त्याला विचारलं, "इसमें साँस भी आती है क्या?" सलीम म्हणाला, "सब आता है, बाबूजी."

आमच्या कामात एक पद्धत असते. शॉट घेण्याआधी उजेड बसवायचा असतो, तेव्हा नटाच्या जागी कुणाला तरी उभं करतात. तो नुसता उभा राहतो. त्यानं काही करायचं नसतं, त्याच्याकडे माणूस म्हणून कुणी बघत नाही. मुख्य नट गाडीत मेकअप करत होता, म्हणून काउंटरमागे खऱ्या दुकानदाराला बसवलं. आणि बाबांच्या जागी बाबांनाच उभं केलं, ते आलेलेच होते म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नाही की हे खरं नाही. मीच सांगायला हवं होतं. चाळीस वर्षं स्टेजवर काम केलेल्या माणसाला एकच ठाऊक, जागेवर उभं केलं आणि समोर माणूस आला की पडदा वर गेलेला असतो.

कॅमेरा बंद होता. मी मीटर घेऊन बाबांच्या गालाशी उभी होते, डोळे दारावर, कारण गल्लीच्या तोंडाशी कोहरा हलायला लागला होता. आणि बाबा बोलायला लागले. मला ते बोलताहेत एवढं कळलं. काय आणि कसं, ते मी ऐकलंच नाही. मागे युनिट गप्प झालं. कढईवाला गप्प झाला असं नंतर लोकांनी सांगितलं. मला एवढंच दिसलं की बाबांच्या डोळ्यांत एकदम चमक आली आणि ती गालावर घसरली. मला वाटलं, उजेड जास्त झाला. मी वळून ओरडले, "डावीकडून काळं कापड लावा रे, डोळ्यांत चमकतंय!" आणि बाबांना म्हटलं, "बाबा, हलू नका."

काउंटरमागचा दुकानदार डोळे पुसत होता. त्याला कुणी संवाद दिलेले नव्हते. मला वाटलं, धुरामुळे.

मग उजेड आला. गाडीतून नट आला. कॅमेरा सुरू झाला. बाबा दारातून आले, पगडी ठेवली, तीन ओळी बोलले. बरोबर बोलले. शब्द सगळे होते. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा तेच. नाटकातल्या डॉक्टरसारखं, शेवटच्या रांगेसाठी. पुन्हा. मी त्यांना सांगू लागले, बाबा, कमी करा. बाबा, आतून. दिग्दर्शक सांगतात तसलं. ते मान हलवत. प्रत्येक वेळी गल्लीत जाऊन, पगडी छातीशी धरून, पहिल्यासारखं येण्याचा प्रयत्न करत. त्यांना कळलं होतं की झालं ते होऊन गेलं. मला कळलं नव्हतं. बाराव्या टेकला उजेड पिवळा पडायला लागला तेव्हा मी वैतागून जागा बदलली. कॅमेरा दुकानाच्या आत खेचला आणि बाबांना दारात उभं केलं, पाठीमागे सगळा उजळ कोहरा. दारात एक काळी आकृती, हातात पगडी, कडांना उजेडाची रेघ. चेहरा दिसत नव्हता. शॉट असा आला की माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "ओके!" आणि टाळ्या वाजवल्या.

सामान आवरताना सलीम जवळ आला. म्हणाला, "मॅडम, वो पहले वाला मेरे पास है. लाइट के टाइम वाला. माईक चालू था." मी लेन्स पेटीत ठेवत होते. म्हटलं, "नुसत्या आवाजाचं मी काय करू, सलीमभाई?" तो वायरी गुंडाळायला गेला.

घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, "पहिल्यांदा बरं झालं होतं, नाही?" मी म्हटलं, "कोणतं पहिल्यांदा?" ते म्हणाले, "काही नाही. थंडी फार होती."

सिनेमा लागला. इथल्या एका थिएटरात आमच्या सगळ्या मंडळींसाठी खास खेळ ठेवला होता. बाबांनी नवा मफलर घेतला. दारात उभं राहून एकेकाला आत बसवलं, नाटकातल्या जुन्या नायकालासुद्धा, त्याला तर हात धरून पुढच्या रांगेत. आई म्हणाली, "आज तरी दिसणार ना तुमचं तोंड? नीलूनं काढलंय." मी त्यांच्या शेजारी बसले होते. तो शॉट आला तेव्हा थिएटरात खरंच 'आहा' झालं. दारात आकृती, मागे तो उजेड. बाबांचे हात मांडीवर होते. ते हलले नाहीत.

बाहेर आल्यावर जुन्या नायकानं बाबांच्या पाठीवर थाप मारली. "सिनेमा सुंदर झालाय. मुलीनं नाव काढलं. पण तुम्ही कुठे होतात? आम्ही बघून राहिलो, बघून राहिलो, दिसलाच नाहीत!" बाबा म्हणाले, "होतो की. पगडीवाला." ते गृहस्थ जरा आठवून म्हणाले, "अच्छा, तो काळा काळा? तो तुम्ही होता?" बाबा हसले. रात्रभर हसले असते तरी मला एवढं लागलं नसतं, जेवढं ते एकदा हसलेलं लागलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "चित्रं फार छान आलीत हो." तो 'हो' त्यांनी परक्याला म्हणतात तसा म्हटला. मला ते चुकून आलं असं समजून घ्यायचं आहे, पण बाबा संवादात चूक करणारे नव्हते.

पुढं सगळ्यांनी तेच सांगितलं. चित्रं छान. फोटोग्राफी पाहावी. गोष्ट, माणसं यांबद्दल लोक एक वाक्य बोलत आणि मग उजेडावर येत. मला छायाचित्रणासाठी एक मानचिन्हही मिळालं. ते आईनं टीव्हीवर ठेवलंय आणि त्यावर ती चष्मा अडकवते. ते तिच्या बाजूनं योग्य आहे.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. साध्या आजारानं, पाच दिवसांत, घरीच. त्यांचा फोटो हवा होता भिंतीवर लावायला. माझ्याकडं हजारो फोटो आहेत, नटांचे, रस्त्यांचे, खिडक्यांचे. बाबांचा जवळून घेतलेला एकही नीट निघाला नाही. शेवटी कचेरीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. दौलतगंजातल्या काकांनीच काढलेला. हनुवटी वर, खांदे सैल, इकडे बघत.

परवा बादली खाली ठेवली आणि सलीमला फोन केला. तीन वर्षांनी. म्हटलं, "सलीमभाई, वो लाइट के टाइम वाला..." तो म्हणाला, "है मॅडम. मिटाया नहीं." शोधतो, वेळ लागेल, असं काही म्हणाला नाही. दहा मिनिटांत पाठवलं. म्हणजे ते त्यानं हाताशीच ठेवलं होतं.

आई मटार सोलत होती. खिडकीबाहेर अजून काही दिसत नव्हतं. मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि फोन मध्ये ठेवला. आधी नुसती गल्ली. कढईचा चर्र आवाज. कुणीतरी खोकलं. धोतराची सळसळ, इतक्या जवळून की आईनं वर पाहिलं. मग बाबा. कमी आवाजात, शेवटच्या रांगेसाठी नाही, समोरच्या एका माणसासाठी.

"ही परत घेऊन आलो."

मग खऱ्या दुकानदाराचा आवाज, त्याला कुणी न दिलेल्या संवादाचा, "क्यों बाबूजी, नाप में कमी रह गई?"

"नाही हो. माप नाही चुकलं." श्वास. सलीम म्हणाला होता, सगळं येतं. "माप बरोबर होतं तुमचं."

आणि दुकानदार, "कोई बात नहीं बाबूजी. रख दीजिए. यहीं रख दीजिए."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हे रोज असंच म्हणायचे की इथं," ती म्हणाली. "तू नव्हतीस का?"

होते. इथंच होते. हवामान बघत होते. ते तिला सांगेपर्यंत फोनमधून माझा आवाज आला. तरतरीत, कामाच्या बाईचा. डावीकडून काळं कापड लावा रे, डोळ्यांत चमकतंय. मीटरच्या बटणाचा टक् आवाज. आणि मग अगदी माईकजवळ, "बाबा, हलू नका."

त्यावर बाबा म्हणाले, "बरं."

मी फोनकडे हात नेला तर आईनं माझं मनगट धरलं. पुढं अजून बरंच रेकॉर्डिंग होतं. कापड ओढल्याचा आवाज, पावलं, माझ्या सूचना. बाबांचा श्वाससुद्धा नाही. मी सांगितलं होतं, म्हणून ते हलले नव्हते.